घेण्यास नकार

तलासरी,
४ नोव्हेंबर २०२४

निलम,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. तू माझा नंबर ब्लॉक केलास, आपल्या तिघींच्या ग्रुपमधून निघून गेलीस, म्हणून या वयात पोस्टाचं पाकीट विकत घ्यायची वेळ आली. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, सिस्टर, कुणाला नोटीस पाठवताय का. मी म्हटलं, तसंच समजा.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते. एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्यात फोन. तू म्हणालीस, "माझं जमणार नाही. तू तुझं बघ." आणि ठेवून दिलास. तीस वर्षं जे बोलत आलो ते तू दोन वाक्यांत संपवलंस.

मेक्सिकोचं खूळ माझं नव्हतं, ते तुझं होतं. बारा वर्षांच्या होतो आपण. झाईच्या वाडीत आपल्या आया चिकूची प्रतवारी करायच्या आणि आपण पाट्या उचलायचो. शेठ एकदा म्हणाला, हे झाड इथलं नाहीच, मेक्सिकोच्या जंगलातलं आहे, तिथे ते कुणी न लावता उगवतं. त्यावर तू म्हणालीस, मग एकदा चिकूच्या माहेरी जाऊन येऊ. तुझ्या आईनं तुझ्या पाठीत धपाटा घातला होता, तो मला अजून आठवतो. मी फक्त मनावर घेतलं. नोकरी लागल्यापासून मनावर घेतलंय.

रुचिकाचं मी समजू शकते. ती आधी गुडघे दुखतात म्हणाली, मग विमानाची भीती वाटते म्हणाली, मग दोन्ही. खोटं तर खोटं, पण बाईनं मेहनत घेतली. तू तेवढीही घेतली नाहीस. डहाणूला विनोदच्या फॉर्म-तिकिटांच्या दुकानात बसून मी तुझा पासपोर्टचा फॉर्म भरला, तू सही केलीस, फोटोसाठी पावडर लावलीस, आणि दीड महिन्यात हे.

१० फेब्रुवारीचं विमान आहे. सुट्टी मंजूर झाली आहे. मी जाणार, एकटी जाणार. पण जायच्या आधी मला खरं कारण हवं आहे. 'घरचं जमत नाही' हे कारण नाही.

रविना


सरावली,
१३ नोव्हेंबर २०२४

रविना,

पत्र मिळालं. तू वॉर्डात पेशंटवर ओरडतेस तसंच लिहिलं आहेस. मी तुझी पेशंट नाही.

मी कधी 'येते' म्हणाले, ते दाखव. मी 'बघू' म्हणाले. आपल्याकडे बघू म्हणजे काय, ते तुलाही माहीत आहे. पण तू तलासरीच्या क्वार्टरमध्ये एकटी राहून राहून अशी झाली आहेस, की समोरच्यानं मान हलवली की तुला तो होकारच वाटतो. फॉर्म तू भरलास. काय भरलंस ते वाचून दाखवलं नाहीस. 'इथे सही कर' म्हणालीस, मी केली. विनोदसमोर तमाशा नको म्हणून केली.

खरं कारण हवंय ना. मला तुझ्याबरोबर यायचं नाही. वीस दिवस तुझ्या मागे मागे फिरायचं, तुझी बॅग धरायची, तुझे फोटो काढायचे, आणि परत आल्यावर तू सगळ्यांना सांगणार, निलमला मी नेलं. तू कुणाला नेतेस तेव्हा त्याला विसरू देत नाहीस. दमणला नेलं होतंस, ते मी पंधरा वर्षं ऐकते आहे.

तुला काय, विचारणारं कोण आहे. सकाळी उठलीस, कुलूप लावलंस, निघालीस. माझ्याकडे सासू आहे, पोरगा तुषार आहे, रविंद्र आहे, पॅकिंग शेडमध्ये फेब्रुवारीत चिकूचा ढीग असतो. घरात दुसरंही काही चाललं आहे, ते तुला सांगायची मला गरज वाटत नाही.

जा एकटी. तिथे कुणी भाषा समजणारं मिळालं नाही की कळेल, आपलं बोलणं ऐकून घेणारी माणसं किती असतात ते.

निलम


तलासरी,
२० नोव्हेंबर २०२४

निलम,

विचारणारं कोण आहे, हे तू लिहिलंस. बरं केलंस. आता मलाही लिहिता येईल.

तू नवऱ्याला विचारून श्वास घेतेस आणि त्याला संसार म्हणतेस. मी एकटी राहते, कारण मला एकटीला राहता येतं. तुला ते एक दिवस जमणार नाही. आणि 'मला नेलं' असं मी म्हणते याचा एवढा राग आहे, तर दमणला गेल्यावर रात्रभर समुद्राकाठी मलाच सांगत होतीस ना, की तू नसतीस तर मी हे पाहिलंच नसतं?

आणखी एक गोष्ट. ही मी बावीस वर्षं पोटात ठेवली आहे. तू मला तुझ्या लग्नाला बोलावलं नाहीस.

लहानपणी ठरलं होतं, जिचं लग्न आधी होईल तिच्या मागे दुसरीनं करवली म्हणून उभं राहायचं. मी नाशिकला नर्सिंगला गेले. तिथे रुचिकाचं पत्र आलं, निलम सरावलीला रविंद्रकडे गेली. एवढंच. ना तारीख, ना बोलावणं. सुट्टीत मी नवी कळशी घेऊन तुझ्या दारात आले, तेव्हा तू गळ्यात काळे मणी घालून चुलीपाशी बसली होतीस. मी कळशी ओट्यावर ठेवली आणि चहा न घेता निघाले. तू थांब म्हणाली नाहीस. मी पुढे काही विचारलं नाही, तूही काही सांगितलं नाहीस. दोन वर्षांनी आपण परत बोलायला लागलो, पण मी विसरले नव्हते. अजूनही नाही. ज्या बाईला मी लग्नात नको होते, तिला मी विमानात कशी हवी असेन, हे मलाच आधी कळायला हवं होतं.

यापुढे तुझं पत्र आलं तरी मी घेणार नाही. पोस्टमनला सांगून ठेवलं आहे.

रविना


सरावली,
२ जानेवारी २०२५

(रजिस्टर पत्र. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ९ जानेवारीला परत आलं.)

रविना,

पत्र घेणार नाहीस म्हणालीस. म्हणून रजिस्टर पाठवते आहे. सही करून घ्यायचं असलं की माणूस घेतो, असं माझा भाऊ लाहू म्हणाला. त्याच्या बँकेच्या नोटिसा तो असाच घेतो.

दीड महिना तुझं पत्र उशाखाली ठेवून मी तुला शिव्या दिल्या. त्यातल्या काही तुला लागू होत्या. आता जे खरं आहे ते लिहिते. मध्ये बोलू नकोस, पत्रात तुला तसंही बोलता येणार नाही.

मी तुला लग्नाला बोलावलं नाही, कारण लग्न झालंच नव्हतं.

आपल्याकडे किती जोडपी अशी नांदतात ते तुला माहीत आहे. रविंद्रकडे काही नव्हतं, माझ्या बापाकडेही नव्हतं. पुढल्या वर्षी लग्न करू, म्हणून मी त्याच्या घरी राहायला आले. पुढल्या वर्षी तुषार झाला. मग घराचं छप्पर, मग सासऱ्यांचं आजारपण. काळे मणी मीच डहाणूच्या बाजारातून आणून घातले होते. पाड्यात सगळ्यांना माहीत होतं, कुणालाच त्याचं काही नव्हतं. फक्त तू नाशिकहून इस्त्रीची साडी नेसून आलीस, कळशी घेऊन, आणि तुझं तोंड बघून मला वाटलं, ही आता शिकलेली आहे, हिला काय सांगायचं. मग तू रागावून गेलीस आणि मला बरंच वाटलं. रागावली आहे, तर विचारणार नाही.

आणि मग तू फॉर्म भरलास. 'विवाहित' लिहिलंस, नवऱ्याचं नाव लिहिलंस, आणि मी खाली सही केली. घरी येऊन तुषारनं तो कागद वाचला तेव्हा कळलं. ऑक्टोबरात पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. ओट्यावर बसून चहा घेता घेता त्यानं सहज विचारलं, लग्न कधी झालं. सासू तांदूळ निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "लगीन? तां तं बाकीच आहे." हवालदार हसला, काहीतरी लिहून गेला. मला वाटलं, आता सरकारला खोटं सांगितलं म्हणून नेतात. आठ दिवस मी भाकरी गिळली नाही. वाघबारशीला तुला फोन केला, तो त्यातूनच. काय सांगू? तू भरलेल्या फॉर्मनं मला चोर केलं, असं सांगू? तेवढं धाडस नव्हतं. म्हणून 'तू तुझं बघ' म्हणाले.

तेव्हाच तुषारचं ठरत होतं. मुलगी सूत्रकार गावची, रुजुता नाव. तिच्या आजीनं हे ऐकलं आणि अडून बसली, की आधी आई-बापाचं लग्न, मग पोराचं. रीतच आहे तशी. आई-बापाला हळद लागल्याशिवाय पोराला कशी लागणार. तर आता एकाच मांडवात दोन्ही लग्नं आहेत. आधी आमचं, मग तुषारचं. १६ फेब्रुवारी, रविवार. तारीख मी ठरवलेली नाही. लग्न लावायला जी धवलेरी येते, ती काळी नावाची म्हातारी, तिच्याकडे दुसरा दिवसच नव्हता, आणि मुलीकडच्यांना थांबायचं नाही.

एकेचाळीस वर्षांची नवरी. पोराच्या शेजारी बसून हळद लावून घेणार. शेडमधल्या बायका आत्तापासून हसतात. रविंद्र तर कुणी लग्नाचं नाव काढलं की उठून बाहेर जातो.

रविना, तू ये. करवली तूच. दुसऱ्या कुणाला मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

तिकीट पुढे ढकल. विनोदला विचारलं, ढकलता येतं म्हणाला. एप्रिलात जाऊ. पासपोर्ट आला आहे, हवालदारानं काही वाईट लिहिलं नव्हतं. पण मला तो हातात घ्यायला लाज वाटत होती. १६ तारखेनंतर वाटणार नाही. मग मी येते. बॅग माझी मी धरेन, तुझी तू. आणि 'मी नेलं' हे शब्द काढलेस तर तिथल्या जंगलात सोडून येईन.

उत्तर लवकर पाठव. नाहीतर सरळ ये.

निलम


मेरिडा, मेक्सिको,
१६ फेब्रुवारी २०२५

निलम,

तुझं पत्र मी परत केलं. पोस्टमननं दोनदा विचारलं, सिस्टर, रजिस्टर आहे, बघा. मी म्हटलं, त्या बाईच्या शिव्या मी सही करून घेणार नाही. तरी तुला लिहिते आहे, कारण आज रविवार आहे, गाईडला सुट्टी आहे, आणि तुला जळवण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे.

दोन विमानं बदलली. कुठे अडले नाही. तू म्हणाली होतीस भाषा समजणारं कुणी मिळणार नाही. नाही मिळालं, आणि काही बिघडलं नाही. बोट दाखवलं की जेवण येतं. मक्याच्या पातळ भाकऱ्या असतात, आपल्या तांदळाच्या भाकरीपुढे काहीच नाहीत, पण हे मी तिथल्या बाईला सांगितलं नाही.

काल जंगलात गेले. चिकूची झाडं पाहिली. आपल्या वाडीतल्यासारखी गोलमटोल नव्हेत, सागासारखी सरळ, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. कुणी लावलेली नाहीत, कुणाची नाहीत. खोडावर कोयत्याचे जुने तिरपे घाव असतात. त्यातून गळणाऱ्या चिकापासून पूर्वी च्युइंग गम करायचे. वर माकडं फळं खातात आणि अर्धी खाली टाकतात. मी खाली बसून वीस-पंचवीस गोळा केली. सवय जात नाही. मग हसू आलं, की इथे पाटी कुणाच्या डोक्यावर देणार.

बाजारात एक बाई चिकू विकत होती. मी एक उचलला आणि नखानं साल खरवडली. आत हिरवं. मी मान हलवली, कच्चा आहे. ती बाई माझ्याकडे बघतच राहिली, मग तिनं स्वतः दुसरा उचलून तसाच नखानं खरवडून दाखवला. आम्ही दोघी हसलो. मग मी मागे वळले, कुणाला तरी दाखवायला. मागे कुणी नव्हतं.

हे वाचून खूश होऊ नकोस. मला मजा येते आहे. फक्त हॉटेलात जेवताना टेबलावर दोन ताटं मांडतात, आणि दुसरं उचलून नेताना तो वेटर रोज विचारतो. काय विचारतो ते मला समजत नाही, मी मान हलवते.

तू असतीस तर भांडलो असतो. सकाळपासून भांडलो असतो. पण तू तशीच आहेस, ज्या दिवशी मी हवी होते त्या दिवशी मला बोलावलं नाहीस, आणि ज्या दिवशी तू हवी होतीस त्या दिवशी आली नाहीस.

रविना


तलासरी,
२ मार्च २०२५

निलम,

शुक्रवारी परत आले. काल बाजारात तुझा लाहू भेटला. म्हणाला, ताई, तुम्ही लग्नाला नव्हता. मी विचारलं कुणाच्या. तर म्हणाला, बहिणीच्या आणि भाच्याच्या, एकाच मांडवात, भाच्याची नवरी सूत्रकारची. मी एका दुकानाच्या पायरीवर बसले.

म्हणजे बावीस वर्षं तू माझ्याशी खोटं वागलीस. लग्न झालं नव्हतं, आणि मी त्या न झालेल्या लग्नासाठी बावीस वर्षं कुढत राहिले. आणि तू ते बघत राहिलीस. आणि खरंच लग्न झालं तेव्हा? तेव्हाही नाही बोलावलंस. सूत्रकारपर्यंत माणसं बोलावलीस, तलासरी वाटेत लागते.

लाहू पुढे म्हणाला, बहिणीनं करवलीची जागा मोकळी ठेवली होती. मी विचारलं, का. तो म्हणाला, तिलाच विचारा. मी विचारणार नाही. ती जागा कुणासाठी होती ते मला कळून घ्यायचं नाही, कारण माझ्यासाठी असती तर मला बोलावणं आलं असतं.

मेक्सिकोहून तुला एक पत्र टाकलं आहे. ते आलं तर न वाचता फाडून टाक. त्यात मी मूर्खासारखं लिहिलं आहे.

रविना


सरावली,
७ मार्च २०२५

रविना,

सोबत एक पाकीट आहे. त्यावर तुझं नाव आहे, माझं अक्षर आहे, आणि तुझ्या पोस्टमनचा शेरा आहे. २ जानेवारीचं आहे. मी ते उघडलेलं नाही, जसं परत आलं तसंच ठेवलं होतं. आत काय आहे ते इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं, दुसऱ्यांदा हात चालत नाही. आधी ते वाच, मग हे पुढचं वाच.

वाचलंस?

आता ऐक. ते परत आलं तेव्हा लाहू म्हणाला, मी जाऊन सांगून येतो. मी जाऊ दिलं नाही. जिनं माझं पाकीट दारातून परत पाठवलं, तिच्या दारात मी भावाला उभं करणार नव्हते. रुचिकानं फोन करते म्हटलं, तिलाही नको म्हटलं. हा माझा माज होता. तेवढा माझ्या वाट्याचा मी घेते. बाकीचा तुझा.

१६ तारखेला सकाळी अंगणात आधी आम्हाला आणि लगेच पोराला हळद लागली. तुषार लाजेनं मान वर करत नव्हता. काळी म्हातारी गाणं म्हणत होती आणि मध्येच थांबली. म्हणाली, नवरीच्या मागे करवली उभी करा. शेडमधल्या चार जणी पुढे आल्या, रुचिका आली, माझी वहिनी आली. मी सगळ्यांना बाजूला केलं. म्हातारी चिडली, म्हणाली, मोकळी जागा ठेवून लग्न लावत नाहीत, अपशकुन होतो. मी म्हटलं, जिची जागा आहे तिला बोलावलं आहे, ती आली तर उभी राहील, नाही आली तर मोकळीच राहील. सासू म्हणाली, हट्ट कसला. रविंद्र, जो आयुष्यात माझ्या बाजूनं एक शब्द बोलला नाही, तो म्हणाला, राहू द्या. मग म्हातारीनं तशीच गाणी म्हटली आणि लग्न लावलं.

सगळा वेळ माझ्या पाठीला वारा लागत होता. मागे माणूस उभं असलं की लागत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. गेटचा आवाज झाला की मी मान वळवायची. हळद लागलेल्या नवरीनं मान वळवू नये म्हणतात. मी चार वेळा वळवली. तू विमानानं गेली आहेस हे मला माहीत होतं, तरी वळवली.

मी तुला बावीस वर्षं खरं सांगितलं नाही, हे खरं आहे. त्याबद्दल तुला जेवढं बोलायचं तेवढं बोल, मी ऐकेन. पण बोलावलं नाही, हे आता कुणाला सांगू नकोस. बोलावलं होतं. तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेलं ते बोलावणं.

मेक्सिकोचं पत्र अजून आलेलं नाही. आलं की सही करून घेईन, परत पाठवणार नाही. या पत्राला उत्तर पाठवलंस तर तेही घेईन. उघडेन की नाही, ते आत्ता सांगत नाही.

निलम